शब्दशंका : ‘ॲब्सर्ड’ हा शब्द हसण्यावारी नेऊ नका

या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यात एकाच इंग्रजी शब्दाभोवती घुटमळणारी बरीच पत्रं निघाली. अनुवाद, वकिली, स्पर्धा परीक्षा, गणित, नाटक अशी पत्रलेखकांची क्षेत्रं वेगळी असली तरी अडकलेत सगळे ‘ॲब्सर्ड’पाशीच. म्हणून हा अंक त्या शब्दाला आणि त्याच्या भाऊबंदांना.

प्रश्न : मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. कोशात ‘ॲब्सर्ड’पुढे ‘हास्यास्पद, विसंगत, असंबद्ध, मूर्खपणाचा’ असं सगळं एकाच ओळीत दिलेलं असतं. मी बहुतेक वेळा ‘हास्यास्पद’ लिहिते आणि संपादक तो नेमाने खोडतात. माझं चुकतं कुठे? (अनुवादिका, नाशिक)

संपादकांचं बरोबर आहे. ‘हास्यास्पद’ हा ‘रिडिक्युलस’चा जोडीदार. ‘ॲब्सर्ड’मध्ये हसू असेलच असं नाही, त्यात असतो तो न बसलेला मेळ. समोर जे आहे आणि रीतीने, बुद्धीने जे असायला हवं, त्या दोहोंची सांगड तुटली की इंग्रजी माणूस ‘ॲब्सर्ड’ म्हणतो. म्हणून अनुवाद करताना आधी हे पाहायचं की मेळ नेमका कुठे तुटलाय. एकदा ती जागा सापडली की मराठी शब्द फारसा शोधावा लागत नाही.

काही वाक्यं घेऊन पाहू. ‘ही वॉज वेअरिंग ॲन ॲब्सर्ड लिटल हॅट.’ इथे टोपीचा डोक्याशी, नाहीतर प्रसंगाशी मेळ नाही. ‘त्याने हास्यास्पद छोटी टोपी घातली होती’ हे मराठी वाटतच नाही. ‘त्याने कसलीशी भलतीच इवलीशी टोपी घातली होती’ हे चालतं. ‘भलता’ या शब्दाकडे अनुवादकांचं लक्षच जात नाही, बहुधा तो फार घरगुती वाटतो म्हणून. पण जे अपेक्षित होतं ते सोडून दुसरंच, हा ‘ॲब्सर्ड’चा गाभा त्याच्याइतका कुणी पकडत नाही.

‘द रेंट इज ॲब्सर्ड.’ इथे मेळ तुटलाय तो रकमेचा. ‘भाडं अवाच्या सवा आहे’ म्हणा. किंमत उलट्या दिशेने ॲब्सर्ड असेल, म्हणजे नको इतकी कमी, तर ‘मातीमोल’. ‘ॲन ॲब्सर्ड रूमर’ म्हणजे ‘काहीच्या काही अफवा’. ‘इट इज ॲब्सर्ड टु ब्लेम द ड्रायव्हर’ याला ‘ड्रायव्हरला दोष देणं म्हणजे अजबच न्याय’ पुरेसं आहे. इथे ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ लिहायचा मोह होतो, पण म्हण मूळ वाक्यापेक्षा जास्त बोलते: खरा दोषी मोकळा सुटलाय असंही ती सांगून टाकते. मुळात ते नसेल तर तो मोह आवरा.

दोन शब्द टाळाच. एक ‘अतर्क्य’. ज्याचा तर्क करता येत नाही, जे कल्पनेपलीकडचं आहे ते अतर्क्य. त्यात दोष नाही, उलट बहुतेक वेळा आदर असतो. ॲब्सर्ड गोष्टीबद्दल तर्क व्यवस्थित करता येतो, ती त्या तर्कात नापास होते इतकंच. दुसरा ‘अफलातून’. प्लेटोचं अरबी नाव आपल्याकडे येऊन विशेषण झालं, पण ते कौतुकाचं. ‘ॲब्सर्ड प्लॅन’ला ‘अफलातून बेत’ लिहिलंत तर टीकेचं प्रशस्तिपत्रक होईल.

प्रश्न : ‘ॲब्सर्ड’ आणि गणितातला ‘सर्ड’ यांचा खरंच संबंध आहे, की नुसतं ऐकायला सारखं? (अकरावीचा विद्यार्थी, कोल्हापूर)

आहे, आणि तो मजेशीर आहे. लॅटिनमध्ये ‘सुर्दुस’ म्हणजे बहिरा, आणि ‘आब्सुर्दुस’ म्हणजे बेसूर, कानाला खटकणारा. रोमन लोक हा शब्द गाणाऱ्याच्या किंवा वक्त्याच्या आवाजाबद्दलही वापरत. तिथून बुद्धीला खटकणारा असा अर्थ झाला आणि सोळाव्या शतकात तो इंग्रजीत उतरला. आपणही हाच प्रवास केलाय: ‘बेताल वक्तव्य’ म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे तबला येत नाही.

गणितातला ‘सर्ड’ त्याच ‘सुर्दुस’चा, पण वेगळ्या वाटेने आलेला. जी संख्या दोन पूर्णांकांच्या गुणोत्तरात मांडता येत नाही तिला ग्रीकांनी ‘आलोगोस’ म्हटलं. ‘लोगोस’ म्हणजे गुणोत्तर आणि बोलणंही. अरबी गणितज्ञांनी त्याचं केलं ‘असम्म’, बहिरा. ते लॅटिनमध्ये शब्दशः ‘सुर्दुस’ झालं. म्हणजे न बोलणारी संख्या दोन भाषांतरांत बहिरी झाली. आपण मराठीत तिला ‘करणी’ म्हणतो, ते बरं आहे. हा शब्द शुल्बसूत्रांतला: ‘द्विकरणी’ म्हणजे दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू, म्हणजेच एकक चौरसासाठी दोनाचं वर्गमूळ. (लिंबू-मिरचीच्या करणीशी त्याचा संबंध नाही, हे दरवर्षी एखाद्या वर्गात सांगावं लागतं.)

याच दोनाच्या वर्गमुळाशी ‘ॲब्सर्ड’ पुन्हा भेटतो. ते परिमेय नाही हे दाखवताना आपण उलटं गृहीत धरतो: समजा ते अतिसंक्षिप्त अपूर्णांकात लिहिता आलं. मग वर्ग करून पाहिलं की अंश सम निघतो, अंश सम म्हणून छेदही सम निघतो, आणि दोन्ही सम असतील तर अपूर्णांक अतिसंक्षिप्त नव्हताच. इथे इंग्रजी पुस्तक म्हणतं, ‘विच इज ॲब्सर्ड’. आपली पुस्तकं या रीतीला अप्रत्यक्ष सिद्धता म्हणतात. यूक्लिडच्या ग्रीकमध्ये या जागी ‘आतोपोन’ हा शब्द येतो, शब्दशः ‘जागेवर नसलेलं’. मराठीत ‘अनाठायी’ म्हणजे तेच: ठायी नसलेलं. लॅटिनला सूर चुकलेला दिसला, ग्रीकला जागा. आपल्याकडे ‘बेताल’ आणि ‘अनाठायी’ दोन्ही आहेत.

प्रश्न : रिडिक्युलस, लूडिक्रस, प्रिपॉस्टरस आणि ॲब्सर्ड. परीक्षेत चारही पर्याय एकाच प्रश्नाखाली आले तर कसं ओळखायचं? (स्पर्धा परीक्षार्थी, लातूर)

एकच उदाहरण चारही शब्दांतून फिरवा. समजा, पाच फूट रुंदीच्या गल्लीत दुमजली वाहनतळ बांधायचा प्रस्ताव आलाय.

प्रस्ताव ‘ॲब्सर्ड’ आहे: गाडी आत शिरणारच नाही, तर तळ कशाला? दोष तर्काचा. प्रस्ताव ‘रिडिक्युलस’ आहे: मांडणाऱ्याचं हसं होणार. लॅटिनमध्ये ‘रिदेरे’ म्हणजे हसणं, तिथूनच हा आला. बोलण्यात तो सर्रास येतो, म्हणून त्याची धार थोडी बोथट झाली आहे. ‘लूडिक्रस’ हा ‘लूदुस’ म्हणजे खेळ यावरून. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘गमतीचा, थट्टेचा’ असा निरुपद्रवी होता. आता त्यात तुच्छता शिरली आहे. गल्लीचा नकाशा आणि वाहनतळाचं चित्र शेजारी ठेवल्यावर जे हसू फुटतं ते लूडिक्रस. आकारात, प्रमाणात घोटाळा असेल तर हा शब्द चपखल.

‘प्रिपॉस्टरस’ चौघांत सगळ्यात तिखट. ‘प्राए’ म्हणजे आधी, ‘पोस्तेरुस’ म्हणजे नंतरचं. जे नंतर यायचं ते आधी आलं. आपल्याकडे याला तयार शब्द आहे: आधी कळस, मग पाया. आजच्या इंग्रजीत क्रम उलटा असण्याची अट राहिलेली नाही, पण ‘असं म्हणायची यांची हिंमत कशी झाली’ हा संताप राहिला आहे. म्हणून दावा, आरोप, मागणी, सबब यांच्याबरोबर तो शोभतो. टोपीला कुणी सहसा प्रिपॉस्टरस म्हणत नाही, आणि म्हटलंच तर विनोद म्हणून.

परीक्षेतली युक्ती एवढीच: रिकाम्या जागेनंतरचं नाम पाहा. ‘आर्ग्युमेंट’, ‘रिझल्ट’, ‘सिच्युएशन’ असेल तर पहिला कल ॲब्सर्डकडे ठेवा. ‘क्लेम’, ‘अलिगेशन’, ‘सजेशन’ असेल आणि वाक्यात राग असेल तर प्रिपॉस्टरस. वाक्यात माणसं हसताना दिसली तर उरलेल्या दोघांपैकी एक. दोन्ही बसत असतील तर प्रश्नच सदोष आहे, आणि असे प्रश्न येतात.

प्रश्न : एफआयआर रद्द करण्याच्या अर्जात इंग्रजी निकालातले ‘सो ॲब्सर्ड अँड इन्हेरंटली इम्प्रॉबेबल’ हे शब्द नेहमी येतात. पक्षकाराला मराठी मसुदा द्यायचा असतो. याचं काय करावं? (वकील, अहिल्यानगर)

हे शब्द हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल या सर्वोच्च न्यायालयाच्या 1990 च्या निकालातले. उच्च न्यायालयाने गुन्हा कधी रद्द करावा याच्या सात प्रकारांची उदाहरणं त्यात दिली आहेत. पाचव्यात हे शब्द येतात. आरोप इतके ॲब्सर्ड आणि मुळातच असंभाव्य असले की कुणीही समंजस माणूस त्यांवरून पुढे कारवाई करण्यास पुरेसं कारण आहे अशा निष्कर्षाला येणार नाही, तर गुन्हा रद्द होऊ शकतो. तेव्हाचं कलम फौजदारी प्रक्रिया संहितेचं 482. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 528.

मसुद्यात ‘इतके तर्कविसंगत आणि मुळातच असंभाव्य’ असं लिहा. ‘हास्यास्पद’ लिहिलंत तर दोन गोष्टी बिघडतात. न्यायालय फिर्यादीला हसत नाही, आरोप तपासून पाहतं. आणि फिर्यादीचा वकील ‘आमच्या अशिलाची चेष्टा’ म्हणून तेच वाक्य उचलून धरतो. ‘बिनबुडाचे’ हाही शब्द इथे नको, जरी तो सगळ्यांच्या हाताशी असतो. बिनबुडाचा आरोप म्हणजे पुरावा नसलेला. तो तसा आहे हे ठरवायला पुराव्यात शिरावं लागतं, आणि या टप्प्यावर न्यायालय सहसा त्यात शिरत नाही. ॲब्सर्ड आरोप स्वतःच्याच शब्दांनी पडतो. ‘आरोपीने रकमेचा अपहार केला’ हा बिनबुडाचा असू शकेल. ‘आरोपीने सकाळी अकराला नागपुरात माझ्यासमोर सही केली आणि त्याच दिवशी साडेअकराला रत्नागिरीत माझ्या हातून रोख घेतली’ हा ॲब्सर्ड. तो पाडायला वही-खातं लागत नाही.

कायद्याचा अर्थ लावतानाही हा शब्द भेटतो. ‘गोल्डन रूल’ म्हणून ओळखला जाणारा नियम ग्रे विरुद्ध पीअर्सन या 1857 च्या इंग्लिश निकालातला. लॉर्ड वेन्स्लीडेल यांनी म्हटलं ते थोडक्यात असं: शब्दांचा साधा, व्याकरणानुसार होणारा अर्थच धरावा, मात्र त्यातून ‘ॲब्सर्डिटी’ किंवा विसंगती निघत असेल तर ती टाळण्यापुरतीच मुरड घालावी. ‘वाचनालयात कोणीही बोलू नये’ या पाटीचा साधा अर्थ धरला तर ग्रंथपालही बोलू शकणार नाही. इथे ‘ॲब्सर्डिटी’ला ‘अर्थाचा अनर्थ’ हा आपला जुना वाक्प्रचार चालतो. ‘टाळण्यापुरतीच’ हा शब्द मात्र गाळू नका; सगळा नियम त्यावर उभा आहे.

प्रश्न : ‘व्हॉट अ नॉन्सेन्स!’ आमच्या मुख्याध्यापकांचं हे आवडतं वाक्य. बरोबर आहे का? (शिक्षक, गाव छापू नये)

नाही. सर्वसाधारण अर्थाने ‘नॉन्सेन्स’ मोजता येत नाही, पाण्यासारखा. म्हणून ‘व्हॉट नॉन्सेन्स!’. ‘ॲब्सर्ड’ला मात्र नाम जोडावं लागतं आणि ते मोजता येण्याजोगं असलं तर ‘ॲन’ हवाच: ‘व्हॉट ॲन ॲब्सर्ड आयडिया!’ ‘अ ॲब्सर्ड’ ही वह्यांतली सगळ्यात जास्त सापडणारी चूक. स्वराने सुरू होणारा शब्द आहे. ‘मेक अ नॉन्सेन्स ऑफ समथिंग’ हा ब्रिटिश वाक्प्रचार अपवाद आहे. त्याचा अर्थ एखाद्या गोष्टीला अर्थच न उरू देणं: शेवटच्या क्षणी तीन नावं घुसडली की सगळी निवडप्रक्रिया ‘अ नॉन्सेन्स’ होते.

दुसरी अडचण अशी की आपण हा शब्द माणसाच्या अंगावर टाकतो. ‘यू नॉन्सेन्स!’ ही खास आपल्या देशातली शिवी. इंग्रजीत नॉन्सेन्स म्हणजे बोलणं किंवा वागणं, माणूस नव्हे. ‘यू आर टॉकिंग नॉन्सेन्स’ म्हणता येतं. उलट ‘अ नो-नॉन्सेन्स पर्सन’ हे कौतुक आहे: फापटपसारा न चालवून घेणारा, खमक्या माणूस. भारतीय वाचकाला त्यात ‘नॉन्सेन्स’ दिसतो आणि शिफारसपत्र वाचून तो दुखावतो.

प्रश्न : क्रिकेटच्या कॉमेंट्रीत ‘दॅट्स अ रिडिक्युलस कॅच’ म्हणतात, तेव्हा झेल वाईट होता का? (वाचक, ठाणे)

नाही, अप्रतिम होता. मराठी पोरं ‘अशक्य कॅच’ म्हणतात, हुबेहूब तेच. विश्वासाच्या पलीकडे गेलेली गोष्ट निंदेच्या शब्दाने गौरवायची ही सवय दोन्ही भाषांत आहे. ‘ॲब्सर्ड’ही तरुण अमेरिकन बोलण्यात असा येतो. लेखी इंग्रजीत टाळा.

प्रश्न : साहेबांनी सांगितलेली तारीख पाळणं शक्य नव्हतं, म्हणून मेलमध्ये ‘धिस इज ॲब्सर्ड’ लिहिलं. वातावरण तापलं. शब्द इतका कडक आहे? (आयटी कर्मचारी, पुणे)

वरिष्ठाला लिहिताना हो. ‘ॲब्सर्ड’ म्हणजे ‘तुमची गोष्ट बुद्धीला पटत नाही’, आणि गोष्ट कुणाची ते सगळ्यांना ठाऊक असतं. ‘डोन्ट बी ॲब्सर्ड’ तर त्याहून थेट. ते बरोबरीच्यांत किंवा घरात चालतं. काकू निघताना नातवंडांच्या हातात पाकीट कोंबतात आणि आपण ‘काहीतरीच काय, काकू!’ म्हणतो, तेव्हा इंग्रजीत ‘डोन्ट बी सिली’ जास्त शोभतं. ‘सिली’मध्ये माया आहे.

मेलमध्ये धार ठेवायची असेल तर शब्द माणसाकडून परिणामाकडे वळवा: ‘धिस वुड लीड टु ॲन ॲब्सर्ड रिझल्ट: टेस्टिंग वुड एंड बिफोर डेव्हलपमेंट बिगिन्स.’ मुद्दा तोच, पण आता तारीख ॲब्सर्ड आहे, साहेब नाहीत. कोलननंतर तो परिणाम नेमका काय ते लिहायलाच हवं. ते नसेल तर नुसतं विशेषण उरतं, आणि नुसतं विशेषण शिवीसारखंच वाचलं जातं.

जाता जाता, ‘ॲब्सर्डली’ या क्रियाविशेषणात टीका बरीच पातळ होते. ‘ॲब्सर्डली ईझी’ म्हणजे ‘अगदीच सोपं’; ‘ही वॉज ॲब्सर्डली प्लीज्ड’ म्हणजे ‘स्वारी नको तितकी खूश होती’. इथे ‘विसंगतपणे’ लिहाल तर वाक्य मेलं.

प्रश्न : ‘ॲब्सर्ड नाटक’ पाहायला गेलो. विनोदी असेल असं वाटलं होतं. बाहेर पडताना सुन्न होतो. नाव चुकलंय का? (नाट्यरसिक, सांगली)

नाव बरोबर आहे. अपेक्षा ‘हास्यास्पद’ या अर्थाने बांधली गेली. नाटकातला ‘ॲब्सर्ड’ तत्त्वज्ञानातून आलाय. आल्बेर काम्यूने 1942 मध्ये तो अशा अर्थाने मांडला: माणूस जगाकडे अर्थ मागतो आणि जग गप्प राहतं, या दोहोंमधली दरी म्हणजे ॲब्सर्ड. एकटा माणूस ॲब्सर्ड नाही, एकटं जगही नाही. पुन्हा तोच न बसलेला मेळ. पॅरिसमध्ये जानेवारी 1953 मध्ये सॅम्युअल बेकेटचं दोन माणसं झाडाखाली कुणाचीतरी वाट पाहत बसतात आणि तो येतच नाही, हे नाटक रंगमंचावर आलं. अशा नाटकांना ‘थिएटर ऑफ द ॲब्सर्ड’ हे नाव रूढ केलं समीक्षक मार्टिन एस्लिन यांनी, 1961 च्या पुस्तकातून. त्यांत हसूही येतं, पण पोटात खड्डा पडल्यासारखं. मराठीत ‘न-नाट्य’ आणि ‘असंगत नाट्य’ असे शब्द वापरले गेले. दुसरा जास्त नेमका, कारण पहिला नाटक काय नाही एवढंच सांगतो. बोलण्यात मात्र सगळे ‘ॲब्सर्ड’च म्हणतात, आणि तसं म्हणायला हरकत नाही.

प्रश्न : सोसायटीला आलेलं परिपत्रक चार वेळा वाचूनही कळलं नाही. याला ‘ॲब्सर्ड’ म्हणता येईल? (सचिव, गृहनिर्माण संस्था, डोंबिवली)

न कळणं म्हणजे ॲब्सर्ड नव्हे. आधी अर्थ कळावा लागतो, मग तो विसंगत आहे की नाही ते ठरतं. न कळणाऱ्या कार्यालयीन भाषेला इंग्रजीत ‘गॉबल्डिगूक’ म्हणतात. मॉरी मॅव्हरिक या टेक्सासच्या माजी काँग्रेस सदस्याने 1944 मध्ये हाताखालच्यांच्या पल्लेदार टिपणांना कंटाळून हा शब्द काढला. फुगून ‘गॉबल गॉबल’ करणारा टर्की पक्षी त्याच्या मनात होता. चार वाचनांनंतर परिपत्रकाचा अर्थ लागला, आणि तो ‘मागील तारखेपर्यंत अर्ज सादर करावा’ असा निघाला, तर मात्र खुशाल ॲब्सर्ड म्हणा.

प्रश्न : उच्चार ‘ॲब्सर्ड’ की ‘अब्झर्ड’? (वाचक, मडगाव)

इंग्रजीत आघात दुसऱ्या भागावर: पहिला ‘अ’ अगदी ओझरता, मग ‘सर्ड’ किंवा ‘झर्ड’. दोन्ही उच्चार प्रतिष्ठित कोशांत आहेत. मराठी वाक्यात आपण ‘ॲ’वर जोर देऊन ‘ॲब्सर्ड’ म्हणतो. मराठी बोलताना तो तसाच ठेवा, इंग्रजी बोलताना जोर पुढे सरकवा.